पीएफ, पेन्शन, ईएसआय आणि मतदान: नागपूरच्या कामगारांकडून वारंवार येणारे प्रश्न

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या कंपन्यांतले कामगार, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतले ठेका कामगार, वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा खाणींची सरकारी कंपनी) निवृत्त, शाळांतले शिक्षक, तहसील कचेरीतले लिपिक. गेट मीटिंगला, पीएफ ऑफिसच्या रांगेत, संविधान चौकातल्या धरण्यावर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. फॉर्म कसा भरायचा, यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) कसा जोडायचा ही माहिती इतरत्र मिळते. इथला विषय असा की आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय आटत चालली असताना कामगार राजकारणाकडे कसा बघतो, आणि त्याचा राग मतदानापर्यंत पोचतो की वाटेतच जिरतो. जिथे मी बाजू घेतली आहे, तिथे ती उघडपणे घेतली आहे.

कायदा तर तोच आहे. मग सवलती कमी झाल्या असं कसं म्हणता?

कायद्यातलं कलम कुणी खोडलं नाही, हे खरं आहे. पण आकडे गोठले. पीएफची पगारमर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला ६,५०० वरून १५,००० झाली. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, मर्यादा १ जानेवारी २०१७ ला १५,००० वरून २१,००० झाली. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. तेल, डाळ, घरभाडं, मेडिकलचं बिल कुठल्या कुठे पोचलं आणि हे तीन आकडे होते तिथेच राहिले. पगार पुढे सरकला आणि मर्यादा जागची हलली नाही की माणूस आपोआप ईएसआयच्या बाहेर पडतो. कुणी आदेश काढत नाही, पेपरात बातमी येत नाही.

दुसरी वाट ठेकेदारीची. परमनंट माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागेवर परमनंट भरायचा नाही, ठेकेदाराचा माणूस उभा करायचा. मशीन तीच, शिफ्ट तीच, पण ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायच्या आत ठेकेदार बदलतो.

तिसरी वाट मोठ्या कंपन्यांतली. ग्रुप मेडिक्लेम दरवर्षी नवा होतो आणि दरवर्षी त्यातून काहीतरी गळतं. आधी आई-वडील ऐच्छिक होतात, म्हणजे त्यांचा हप्ता तुमच्या पगारातून जातो. मग खोलीभाड्यावर मर्यादा येते, मग बिलातला दहा-वीस टक्के हिस्सा तुमच्या माथी. हे सगळं एका ई-मेलात येतं, आणि तो ई-मेल बहुतेक जण दवाखान्यात भरती झाल्यावर पहिल्यांदा नीट वाचतात.

पगार वाढला आणि ईएसआयचं कार्ड बंद झालं. हा फायदा की तोटा?

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमधल्या ऑपरेटरची स्लिप समोर धरून हिशेब करू. पगार २०,६००. त्यातून ईएसआयपोटी ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १५५ रुपये कटत होते. मालक ३.२५ टक्के, म्हणजे ६७० रुपये भरत होता. जुलैत ८०० रुपयांची वाढ मिळाली, पगार २१,४०० झाला. सप्टेंबर संपेपर्यंत कटिंग चालली, ऑक्टोबरपासून थांबली, आणि आधी भरलेल्या हप्त्यांवरची मुदत संपली की कार्डही बंद.

आता बघा. ८०० ची वाढ आणि १५५ ची कटिंग थांबली, म्हणजे हातात साडेनऊशे जास्त. पण याच कार्डावर बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई होती. आईची शुगर-बीपीची गोळी दर महिन्याला दवाखान्यातून यायची. आजारी पडून घरी बसावं लागलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळायचा. कामावर जीव गेला तर घरच्यांना दरमहा लाभ होता. साठी ओलांडलेल्या, शुगर असलेल्या बाईची खाजगी पॉलिसी काढायला गेलात तर या साडेनऊशे रुपयांत काय मिळतं ते एजंटला विचारा. मालकाचे मात्र दरमहा ६७० रुपये वाचले. म्हणजे पीएफ बाजूला ठेवला तर ८०० च्या वाढीत त्याच्या खिशातून खरे गेले १३० रुपये.

हा ऑपरेटर चिडतो कुणावर? एचआरमध्ये बसलेल्या पोरीवर. "ह्या लोकायनं माझं कार्ड बंद करून टाकलं," असं तो गेटवर सांगतो. ती मर्यादा तिनं ठरवलेली नाही, मालकानंही नाही. ती केंद्र सरकार ठरवतं. पण २१,००० या आकड्याला चेहरा नाही आणि एचआरच्या पोरीला आहे. या विषयातलं बरंचसं राजकारण इथेच चुकीच्या वाटेला लागतं.

कोणी म्हणतं, तिथे रांगा लागतात, अर्धी औषधं बाहेरून आणावी लागतात, गेलं तर गेलं कार्ड. ही तक्रार खरी आहे आणि ती झटकून चालणार नाही. ज्या सेवेनं माणसाला ताटकळत ठेवलं, ती वाचवायला तो रस्त्यावर येत नाही. मोडकळीला आलेली सोय काढून घेणं सोपं जातं, आणि म्हणूनच दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरा ही मागणी मर्यादा वाढवा या मागणीइतकीच राजकीय आहे.

पेन्शन आणि औषधपाणी मालकानं बघावं ही अपेक्षा तरी कुठून आली? आपण जास्त तर मागत नाही ना?

हा प्रश्न नागपुरात विचारला जातो याचंच वाईट वाटतं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल या शहरात सुरू झाली. याच मिलनं १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा देशात असा कायदा नव्हता. त्या काळी मजूर गावाकडे पळून जायचे, मिलला टिकून राहणारी माणसं हवी होती, त्यात मालकाचा हिशेब होताच. पण हिशेबातून का होईना, काम करणाऱ्याच्या म्हातारपणाचा काही भार कामावर असतो, हे इथल्या मिलनं मान्य केलं होतं.

पुढचं दानात मिळालं नाही. रा. स. रुईकरांनी नागपुरात गिरणी कामगारांची संघटना बांधली. कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांमध्ये काम करत होते. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्याच काळात अडारकरांचा आरोग्य विम्यावरचा अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. १९५२ ला पीएफचा कायदा झाला. ज्या जागेवर एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायचा तिथे आज मॉल आणि टॉवर आहेत, आणि मॉलमध्ये दारावर उभा असलेला सिक्युरिटी गार्ड ठेकेदाराचा आहे.

तेव्हा नाही, जास्त मागत नाही आहात.

जुन्या पेन्शनचा प्रश्न एवढा गाजला. आमच्या ईएसआयचा, ईपीएसचा का गाजत नाही?

मला यात सगळ्यात मोठं कारण दिसतं ते तारखेचं. १ नोव्हेंबर २००५. या दिवशी किंवा त्यानंतर राज्य सरकारी सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. केंद्रात तीच तारीख १ जानेवारी २००४. ऑक्टोबर २००५ मध्ये रुजू झालेला लिपिक आणि नोव्हेंबरमध्ये रुजू झालेला लिपिक एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात, एकच फाइल हाताळतात, आणि एकाला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन महागाई भत्त्यासह, तर दुसऱ्याला बाजारावर हेलकावणारा फंड. ही तुलना रोज जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांसमोर असते. कुणाकडून, कधी, काय गेलं, हे समजवायला पुढारी लागत नाही.

त्यातून "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा उभी राहिली. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितलं की जुनी पेन्शन परत आणली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटींचा भार येईल, ती देता येणार नाही. त्याच अधिवेशनात पेन्शनचा प्रचंड मोर्चा निघाला. काही आठवड्यांत नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली. भाजपच्या पाठिंब्यावर उभे असलेले मावळते आमदार नागो गाणार २ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात पडले, महाविकास आघाडीच्या पाठिंब्याचे सुधाकर अडबाले निवडून आले. गाणारांचा पराभव फक्त पेन्शनमुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण त्या प्रचारात पेन्शन सोडून दुसरं फारसं कुणी बोलत नव्हतं. मग १४ ते २० मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप. मग सरकारची समिती. मग २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं युनिफाइड पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारायचं ठरवलं.

आता याच्याशेजारी ईएसआयचं ठेवा. तिथे तारीख प्रत्येकाची वेगळी. तुम्ही ऑक्टोबरात बाहेर पडलात, शेजारचा दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, तिसऱ्याचं कार्ड अजून चालू आहे. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या शंभर जणांना एकाच दिवशी एकच झटका बसत नाही. प्रत्येक जण आपापल्या घरी, आपापल्या महिन्यात, एकटा बाहेर पडतो. त्याची घोषणा होत नाही.

आणि एक गोष्ट. शिक्षक मतदारसंघात मतदार यादीच पेशावर असते. ज्याचं दुखणं एक, त्यांचं मत एका पेटीत. बुटीबोरीच्या एका लाइनवरचे कामगार मात्र कुणी हिंगण्याचा, कुणी काटोलचा, कुणी वर्ध्याहून रोज ये-जा करणारा, कुणी छिंदवाडा-बालाघाटचा. लाइनवर ते एकत्र असतात, मतदानाच्या दिवशी चार मतदारसंघांत विखुरतात.

सरकारी लोकांना गलेलठ्ठ पगार, वर पेन्शनही हवी. आम्ही त्यांना पाठिंबा का द्यावा?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि त्या रागाला आधार आहे. युनिफाइड योजनेत दहा वर्षं सेवा केलेल्याला किमान १०,००० रुपयांची हमी आहे. ईपीएसमध्ये दहा वर्षं १५,००० च्या पगारावर काम केलं, तर सूत्र असं: पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. उत्तर येतं २,१४२ रुपये. तेही महागाईप्रमाणे वाढत नाहीत; निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा मरेपर्यंत तोच. पस्तीस वर्षं पूर्ण भरली तरी १५,००० च्या मर्यादेत कमाल ७,५०० होतात. मार्च २०२३ च्या संपात सरकारी दवाखान्यात तिष्ठत बसलेल्या ठेका कामगाराला संपकऱ्यांबद्दल ममता का वाटावी?

तरीही माझं मत पाठिंबा द्यावा असंच आहे. सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन गेली म्हणून खाजगीतल्या एकाही माणसाची वाढली नाही. २००४-०५ नंतरची सगळी वर्षं याला साक्षीला आहेत. उलट सरकारनं आपल्याच माणसांना हमी देणं सोडल्यावर खाजगी मालकाला कुणी काय म्हणायचं? "बघा, सरकारच देत नाही" हे उत्तर त्याच्या तोंडात तयार असतं.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, हेही सांगितलं पाहिजे. राज्याच्या तिजोरीतून पगार, पेन्शन आणि व्याज यांत मोठा हिस्सा जातो आणि पेन्शन वाढली तर शाळा, दवाखाने, भरती यांवर ताण येईल. पण मग चर्चा अशी व्हायला हवी की काम करणाऱ्या प्रत्येकाला म्हातारपणी किमान किती, आणि त्यातला किती भार सरकारचा, किती मालकाचा, किती आपला. ही चर्चा सरकारी संघटनांनी सुरू करायला हवी होती. संपाच्या व्यासपीठावरून त्यांनी ईपीएसवाल्यांचा आणि ठेका कामगारांचा उल्लेख मनापासून केला असता तर शहर त्यांच्या बाजूनं वेगळ्या तऱ्हेनं उभं राहिलं असतं. तो त्यांनी पुरेसा केला नाही, हे मी त्यांच्या बाजूचा असूनही म्हणतो.

ईपीएस-९५ चे पेन्शनर एवढी वर्षं भांडतात. त्यांच्या मतांचा धाक का बसत नाही?

संख्येनं ते कमी नाहीत. देशभरात ७५ लाखांहून जास्त. मागणी साधी आहे: किमान ७,५०० रुपये, वर महागाई भत्ता, आणि नवरा-बायकोला मोफत उपचार. विदर्भ तर या लढ्याचं घर. राष्ट्रीय संघर्ष समितीनं बुलडाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं किमान ३,००० ची शिफारस केली होती. तेही झालं नाही. पेन्शन जास्त पगारावर मिळावी यासाठीचा खटला सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाली निघाला, काहींना वाट मिळाली, पण किमान पेन्शनवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

धाक न बसण्याचं एक कारण वय. सत्तरीतला माणूस संप करू शकत नाही, त्याच्या हातात थांबवण्यासारखं कामच उरलेलं नसतं. तो फक्त येऊन बसू शकतो. अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमजवळ बघा: पांढऱ्या टोप्या, गळ्यात संघटनेचं ओळखपत्र, पिशवीत पाण्याची बाटली आणि दुपारच्या गोळ्यांची पट्टी. मोर्चा टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडतो, शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देऊन येतं, आणि लोक एसटी पकडायला निघतात.

दुसरं कारण नाजूक आहे. यांतल्या पुष्कळांची पक्षनिष्ठा आयुष्यभराची आहे. ते सरकारवर चिडतात, पण मत बदलत नाहीत. "नाराज आहो, पण जाऊ कुठं?" हे वाक्य किती जणांकडून ऐकलं. ज्याचं मत ठरलेलं आहे त्याची नाराजी उमेदवाराला परवडते.

आणि अपमान कुठे लागतो ते सांगतो. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं. लाडकी बहीण २०२४ मध्ये १,५०० नं सुरू झाली. दोन्ही योजनांतला पैसा गरजूंच्या हातात जातो आणि त्यातला एक रुपयाही कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण सूतगिरणीत, सहकारी बँकेत, एसटीत आयुष्य घालवून, पगारातून कटिंग देऊन शेवटी किमान १,००० हातात पडणाऱ्या माणसाला वाटतं की कापून घेतलेल्या पैशाची किंमत न दिलेल्या पैशापेक्षा कमी धरली गेली.

आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजना आहे ना? मग ईएसआयसाठी कशाला भांडायचं?

महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली करून संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मानचं कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून आहे. हे चांगलंच झालं. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस यांत घरं वाचली आहेत.

पण या योजना भरती झाल्यावर लागू होतात. रोजची गोळी, ओपीडीतला तपास, आजारपणातला बुडालेला पगार, बाळंतपणाची पगारी रजा हे त्यात नाही. आणि राजकीय फरक याहून मोठा. ईएसआय तुमच्या आणि मालकाच्या पैशानं चालतं. नाही मिळालं तर तुम्ही जाब विचारू शकता. योजनेच्या फ्लेक्सवर नेत्याचा फोटो असतो. हळूहळू माणूस हक्क विसरून आभार मानायला शिकतो, आणि निवडणुकीत त्याला विचारलं जातं की आम्ही तुम्हाला काय दिलं ते आठवा. त्याचं जे गेलं त्याची आठवण कुणी करून देत नाही.

भारतीय मजदूर संघाचं नागपुरात एवढं वजन, सत्ताही जवळच्याच विचारांची. मग प्रश्न सुटत का नाहीत?

भारतीय मजदूर संघाची (बीएमएस) स्थापना २३ जुलै १९५५ ला दत्तोपंत ठेंगडींनी भोपाळला केली. ठेंगडी मूळचे आर्वीचे. ही संघटना सरकारची री ओढते असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे. ईपीएसची किमान पेन्शन वाढवा, सार्वजनिक उद्योग विकू नका, हे तिनं जाहीरपणे आणि वारंवार मांडलं आहे. पण इतर केंद्रीय संघटनांच्या देशव्यापी संपांपासून ती दूर राहते. आयटक, इंटक, हिंद मजदूर सभा, सीटू संप करतात, बीएमएस निवेदन देते, आणि सरकारला दोघांपैकी कुणाशी बोलायचं ते निवडता येतं.

सभासदाच्या पातळीवर चित्र आणखी वेगळं. वेकोलिच्या खाणीत लाल झेंड्याची पावती फाडणारा माणूस मतदानाला कमळ किंवा पंजा किंवा निळा झेंडा बघतो, आणि त्याला यात विसंगती वाटत नाही. युनियन कामाच्या ठिकाणासाठी, मत जातीसाठी, धर्मासाठी, वस्तीतल्या रस्त्यासाठी, ओळखीच्या नगरसेवकासाठी. ए. बी. बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले, पुढे देशभरच्या कामगारांचे नेते झाले. लोकसभेला मात्र या शहरानं त्यांना पाठवलं नाही. आदर एकीकडे आणि मत दुसरीकडे, हे इथे जुनं आहे.

कोळसा खाणीच्या पेन्शनबद्दल कोणी का बोलत नाही?

बोलतात, पण वेकोलिच्या वसाहतींबाहेर आवाज जात नाही. १९९८ च्या योजनेत पूर्ण सेवेला पगाराच्या साधारण चौथा हिस्सा पेन्शन मिळते आणि तीही महागाईप्रमाणे वाढत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्याचा पगारच तेव्हाचा, म्हणून पेन्शनही तेव्हाचीच.

आम्ही ठेक्यावर आहो. पेन्शनचं सोडा, पीएफ भरतात की नाही तेच कळत नाही.

ठेका कामगाराची पहिली मागणी पेन्शन नसतेच, परमनंट करा ही असते, आणि ते शहाणपणाचं आहे. परमनंट झालं की बाकीचं मागून येतं. नागपूर महापालिकेच्या ऐवजदार (बदली) सफाई कामगारांनी हीच मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आणि टप्प्याटप्प्यानं स्थायी होण्याचे निर्णय मिळवले. आयुष्य झाडू मारण्यात गेल्यावर, निवृत्ती जवळ आल्यावर अनेकांना ते मिळालं, पण त्यांच्या घरच्यांना विचारा त्याचं मोल.

वीज केंद्रात, गोदामात, मोठ्या दवाखान्याच्या साफसफाईत ठेकेदार बदलला की जुना म्हणतो नव्याला विचारा, नवा म्हणतो माझ्या आधीचं मला माहीत नाही. कायद्यानं मूळ कंपनी जबाबदार आहे. ठेकेदारानं पीएफ बुडवला तर तो मुख्य मालकाकडून वसूल होऊ शकतो. हे गेटवर फार कमी जणांना ठाऊक असतं. यूएएन मोबाईलला जोडून घ्या आणि दर महिन्याला पासबुक बघा. स्लिपवर कटिंग आहे आणि पासबुकात नोंद नाही, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा.

राजकारणाच्या बाबतीत ठेका कामगार सगळ्यात कमी बोलतो. उद्या पास बंद होईल ही भीती त्याच्या मागे असते. त्याच्या गप्प राहण्यावरून तो समाधानी आहे असं समजणारे पुढारी चुकतात.

नव्या श्रम संहितांनी सवलती वाढल्या की घटल्या?

चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत घेण्यासारखं आहे: ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी, चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी, आणि भत्त्यांच्या नावाखाली मूळ पगार लहान ठेवण्यावर बंधन, म्हणजे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा पाया वाढतो. दुसऱ्या बाजूला कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, आणि संप करणं अवघड झालं. बीएमएसनं स्वागत केलं, इतर दहा केंद्रीय संघटनांनी विरोध केला. माझी काळजी अशी की सवलत कागदावर वाढली आणि ती मागायला लागणारी ताकद घटली. एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांत ३०० कामगार नाहीतच.

तरुण पोरं म्हणतात पीएफ नको, पैसे हातात द्या. त्यांना काय सांगायचं?

उपदेश करू नका. पंचविशीतल्या पोराला १८,००० पगार, खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे. त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षाचं सांगून उपयोग नाही. आणि त्याला मिळणारी पेन्शन ईपीएसची असेल, तर ती किती हे त्यानं आपल्या वडिलांच्या बँक पासबुकात बघितलेलं असतं. त्याचा अविश्वास कमावलेला आहे. मिहानमधल्या आयटीच्या मुलांचं दुखणं वेगळं. त्यांचा मूळ पगार रुजू होतानाच १५,००० च्या वर असेल तर २०१४ नंतर ते ईपीएसमध्ये येतच नाहीत. त्यांना हा प्रश्न आपला वाटत नाही, वडील आजारी पडेपर्यंत.

हे फक्त आपल्याकडेच चाललं आहे का?

नाही. अमेरिकेत १९७८ च्या करकायद्यातल्या तरतुदीतून ४०१-के खाती आली आणि कंपन्यांनी हमीची पेन्शन सोडून त्याच वाटेनं जाणं पसंत केलं. तिथे नोकरी गेली की बऱ्याचदा आरोग्य विमाही जातो. फ्रान्समध्ये २०२३ ला निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करताना देश रस्त्यावर आला. तिथेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच आकडा होता.

उमेदवार दारात आला तर नेमकं काय विचारायचं?

"कामगारांसाठी काय करणार?" असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. आकडा विचारा. ईएसआयची मर्यादा किती करणार, आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावी याला तुमचा पाठिंबा आहे का? किमान ईपीएस किती, आणि त्यातला सरकारचा हिस्सा आजच्या १.१६ टक्क्यांवरून किती? मला विचाराल तर मर्यादा आपोआप वाढण्याची मागणी ही सगळ्यांत मोलाची आहे, कारण ती एकदा मान्य झाली की गुपचूप होणारी घट थांबते आणि दर दहा वर्षांनी मोर्चा काढावा लागत नाही. एकट्यानं विचारू नका. एका गेटच्या दहा-बारा जणांनी, आपापल्या वस्तीत, एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारला तर चार मतदारसंघांतल्या चार उमेदवारांची उत्तरं शेजारी ठेवून बघता येतात. उत्तर मोबाईलवर घ्या.

आणि कुणाला काय विचारायचं ते आधी ठरवा, नाहीतर "हा माझा विषय नाही" म्हणून तो सुटतो. पीएफ, ईपीएस, ईएसआयची मर्यादा आणि कोळसा खाणीची पेन्शन लोकसभेच्या उमेदवाराला. राज्य कर्मचाऱ्यांची पेन्शन, किमान वेतनाचे दर आणि राज्य सरकार चालवत असलेल्या ईएसआय दवाखान्यांतल्या रिकाम्या जागा विधानसभेच्या उमेदवाराला. सफाई, पाणीपुरवठा आणि शहर बसमधल्या ठेका कामगारांचा पीएफ नगरसेवकाला.